बाकावरच्या पोरी

प्रिय सुषमे,

तुझं पत्र मिळालं. "बास्केटबॉलमध्ये पाच जणी पक्क्या असल्या की झालं, बाकीच्या बाटल्या सांभाळायला," हे तुझं वाक्य वाचून हसू आलं आणि भांडावंसंही वाटलं. तर भांडतेच.

अमेरिकन कॉलेजांच्या मुलींची 2024 ची फायनल तू पाहिली नसणार. तुमच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. क्लीव्हलंडला साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा. आयोवाने सुरुवातच 10-0 अशी केली. त्यांच्या केटलिन क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्ये एकटीने 18 गुण कुटले. मला वाटलं, संपलं! पण साउथ कॅरोलायनाची कोच डॉन स्टेली एकेक ताजी पोरगी आत सोडत राहिली. मध्यंतराला 49-46 अशी आघाडी त्यांच्याकडे आली होती. शेवटी 87-75. राखीव खेळाडूंचे गुण सांगू? 37 विरुद्ध शून्य. संघात सर्वांत जास्त, 19 गुण कुणाचे, तर बाकावरून उठून आलेल्या टेसा जॉन्सनचे. कॉलेजचं पहिलंच वर्ष तिचं!

खरा फायदा मात्र गुणांच्या तक्त्यात दिसत नाही. क्लार्कसारखीच्या मागे साउथ कॅरोलायनाची रेव्हन जॉन्सन जीव तोडून धावत होती, कारण दम लागला तर बदली तयार आहे हे तिला ठाऊक होतं. पाचव्या फाऊलला बाहेर जावं लागतं, म्हणून एरवी दोन-तीन झाले की पोरी हात आखडतात. मागे भरवशाची राखीव फळी असेल तर आखडत नाहीत.

आता तू म्हणशील, मग 2023 ला याच आयोवाने साउथ कॅरोलायनाला सेमीफायनलमध्ये 77-73 असं कसं हरवलं? तेव्हाही त्यांचा बाक भरलेलाच होता. सहा फूट सात इंचांची कमिला कार्डोसो राखीव होती, बोल! पण लांबून बास्केट करणाऱ्या कमी. आयोवाने बचावाला आपल्या सगळ्या जणी बास्केटखाली गोळा केल्या आणि बाहेरून मारा म्हणून मोकळं सोडलं. पुढच्या वर्षी टे-हिना पाओपाओ आली, टेसा आली, तो रस्ता बंद झाला. म्हणजे नुसती डोकी मोजून चालत नाही गं, प्रत्येकीकडे वेगळं काहीतरी हवं.

आणि हे फुकट मिळत नाही. साउथ कॅरोलायनाची मिलेशिया फुलवायली आठवते? तिचे ते व्हिडिओ मीच तुला पाठवले होते. इतकी गुणी पोरगी, पण बहुतेक वेळ राखीवच. 2025 मध्ये ती सरळ एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला गेली, तेही साउथ कॅरोलायनाच्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या त्याच गटात. आता कॉलेज बदललं तरी वर्षभर बसून राहावं लागत नाही. मला तिचा राग नाही आला. बाकावर बसवलेल्या हुशार मुलीला रोज काय सांगायचं, हा प्रश्न स्टेलीलासुद्धा सुटलेला दिसत नाही.

तुझ्या संघातली ती डावखुरी, गेल्या पत्रात लिहिलं होतंस ती, अजून वीस गुणांची आघाडी असल्यावरच आत जाते का? तिला एकदा अटीतटीच्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरला पाच मिनिटं सोड. चुकली तरी लगेच बाहेर ओढू नकोस. मग काय झालं ते लिही, आणि माझ्यावर चिडली असशील तर तेही.

तुझीच,
वैशाली