बाई, तुम्ही आम्हाला चूक वाचायला शिकवलीत

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकवणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. निवृत्तीनंतरही तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात. आमच्या मुलांच्या वह्या पिशवीत घालून घरी नेल्यात आणि प्रत्येक वहीवर आमच्याशी बोललात. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. हे पत्र उघडपणे लिहिण्यामागे एक हेतू आहे. तुम्ही दिलेलं इतर शाळांतल्या शिक्षकांच्याही हाती पडावं, असं आम्हाला वाटतं.

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात, काही कन्नड किंवा हिंदी, आणि पुस्तक मराठी. अशा वर्गात तुमचं पहिलं सांगणं होतं, ‘लाल पेन उचलण्याआधी चूक कुठून आली ते शोधा.’ पहिलीच्या वर्गात बाईंनी ‘पळा’ म्हटलं आणि मूल जागीच उभं राहून बघत बसलं, तर ते हट्टी नसतं. त्याच्या घरी ‘पळय’ म्हणजे बघ, आणि पळायला ‘धांव’ म्हणतात. ‘मी काल शाळेत जाऊक नाही’ या वाक्यात ‘हांव वचूंक ना’ची घडण आहे. ‘ती मुलगी आलं’ लिहिणाऱ्या मुलाच्या कानात ‘चेडूं आयलें’ असतं. कोकणीत चेडूं नपुंसकलिंगी, म्हणून क्रियापदही तसंच. म्हणजे मुलाला लिंग-वचन कळतं, फक्त ते दुसऱ्या भाषेचं असतं. हे ध्यानात आल्यापासून आमच्या फळ्यावर दोन रकाने आले: ‘घरी म्हणतो’ आणि ‘पुस्तकात असतं’. दिवसाला तीनच जोड्या, त्याही मुलांनी सांगितलेल्या. ‘कोकणी बोलू नको’ म्हटलं की मूल गप्प होतं, आणि मग त्याची अडचण आपल्याला दिसतच नाही. या एका गोष्टीसाठी तरी तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.

मुलांच्या बोलण्यातून वाचनपाठ तयार करण्याची तुमची पद्धत आता आमची रोजची झाली आहे. चतुर्थीच्या दिवसांत माटोळीसारखा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीसारखा, विषय नाही. कवंडळ, आंबाडे, सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड (घड), चिबूड यांतलं जे मिळेल ते टेबलावर ठेवायचं. मुलांनी हाताळायचं, वास घ्यायचा, बोलायचं. इथे घाई करायची नाही, पंधरा मिनिटं तरी द्यायची. मग पाच किंवा सहा मुलांकडून एकेक वाक्य घ्यायचं आणि मोठ्या कागदावर, सगळ्यांना दिसेल असं, मुलाच्या तोंडून आलेल्या क्रमाने लिहायचं. ‘कवंडळ भायल्यान तांबडें’ असं कुणी म्हणालं तर ‘हे पुस्तकात कसं लिहू या?’ असं वर्गालाच विचारायचं आणि ‘कवंडळ बाहेरून लाल असतं’ हे मुलांकडूनच येऊ द्यायचं. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारायचा. नंतर शब्दाखाली बोट फिरवत सगळ्यांनी दोनदा वाचायचं. दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं पट्ट्यांवर लिहून जुळवायची, तिसऱ्या दिवशी पट्ट्यांचे शब्द कापायचे. चौथ्या दिवशी त्याच शब्दांतून मुलांनी नवी वाक्यं करायची.

ही पद्धत फसते ती दोन ठिकाणी. शिक्षक मुलाचं वाक्य स्वतःच सजवून लिहितात, मग मुलाला ते आपलं वाटत नाही. आणि वाक्यं दहा-बारा झाली की मुलं वाचत नाहीत, पाठ म्हणतात. पाठ म्हणतंय का ते ओळखायला तुमची युक्ती सोपी होती. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारायचं. मूल पहिल्यापासून म्हणत आलं तर समजायचं.

अक्षरांच्या बाबतीत तुम्ही ‘अ आ इ ई’चा क्रम बाजूला ठेवायला लावलात. म, क, न, ल आणि काना एवढ्यावर काम, नाक, कान, मका, लाल, मामा, काका इतके शब्द वाचता येतात. मूल पहिल्याच आठवड्यात वाचतं आणि वाचतंय हे त्यालाही कळतं. (‘नाका’ हा शब्द मात्र आम्ही मागे ठेवतो, कोकणीत त्याचा अर्थ ‘नको’.) दीर्घ वेलांटी आधी, ऱ्हस्व नंतर, कारण ‘कि’मधली वेलांटी डोळ्याला क च्या आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. म्हणूनच काही मुलं ‘इक’ वाचतात. रफाराचंही तसंच. ‘सूर्य’मध्ये र् आधी उच्चारतो पण बसतो य च्या डोक्यावर. टाळी वाजवत ‘सूर्-य’ म्हणायचं आणि दुसऱ्या टाळीच्या अक्षरावर रफार द्यायचा. ‘सूय्र’ लिहिणं त्यानंतर पुष्कळ कमी होतं.

वाचन तपासायची, न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मारी क्ले यांची वाचन-नोंदीची पद्धतही आम्हाला तुमच्यामुळेच कळली. शंभर शब्दांचा उतारा, एकेक मूल शेजारी बसवून. बरोबर शब्दाला खूण, चुकलेल्या शब्दावर मुलाने जे वाचलं तेच लिहायचं. मध्ये मदत करायची नाही. ९५ किंवा अधिक शब्द बरोबर आले तर उतारा सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवायला योग्य, ९०च्या खाली गेला तर त्या मुलासाठी तो अवघड. पण आकड्यापेक्षा चुकांकडे बघा, हे तुम्ही बजावलंत. ‘पाणी’ऐवजी ‘उदक’ वाचणाऱ्या मुलाला अर्थ कळलाय, अक्षरांकडे लक्ष नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ वाचणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि ‘पाटी’ वाचून पुढे जाणाऱ्याची त्याहून वेगळी, त्याला वाक्याचा अर्थ लागला नाही याचंही काही वाटलं नाही. तिघांना एकच उपाय चालत नाही.

प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबण्याबद्दल थोडक्यात लिहितो. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना वर्गांच्या निरीक्षणात आढळलं होतं. आम्हीही त्यातलेच होतो. मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच नाव घ्यायचं. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला हे तीन सेकंद फार लागतात, कारण त्याला उत्तर शोधून ते मराठीत आणायचं असतं.

आणि वह्या. एका वेळी एकाच प्रकारची चूक तपासायची. या आठवड्यात शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, म्हणजे पाणी, वस्तू, गाडी. ‘आणि’, ‘परंतु’ हे अपवाद फळ्याच्या कोपऱ्यात. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात लावायचा नाही. हे आम्हाला सगळ्यात जड गेलं, पालक वही बघून विचारतातही. आता आम्ही पानाच्या वरच लिहितो, ‘आज फक्त शेवटची वेलांटी आणि उकार तपासला.’ पालक समजून घेतात.

पहिली ते चौथी एकाच खोलीत असली की तिसरी-चौथीची मुलं पट्ट्या कापतात आणि पहिलीला वाचून दाखवतात. तेवढ्या वेळात एका मुलाची वाचन-नोंद होते. आठवड्यात पाच मुलं, त्याहून जास्त होत नाहीत, आणि तुम्ही त्याबद्दल कधी नाराजी दाखवली नाहीत.

चतुर्थीनंतर माटोळीच्या तक्त्यांची वही तुमच्याकडे पाठवतो. त्यातल्या चुका आम्ही तशाच ठेवल्या आहेत. वाचून झाली की समासात लिहून परत करा.

तुमचे,
डिचोली-सत्तरीतले मराठी प्राथमिक शिक्षक