पाग माळ्यावरच राहू दे

दिवाळे, सीबीडी बेलापूर
शुक्रवार, दुपार

प्रिय बाबू,

तू रात्री पुण्याहून पोचशील तेव्हा मी वॉर्डात असेन, आणि उद्या मी ड्यूटी संपवून घरी येईन तेव्हा तू ठाण्याच्या गाडीत. या खेपेला आपली भेट काही होत नाही. म्हणून हे पत्र सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवते आहे. चार्जर शोधताना सापडेलच.

उद्या तुम्ही चौघं वासिंदला उतरून भातसा नदीवर मासे गरवायला जाणार, रात्री तिथेच राहणार आणि रविवारी माहुली गड चढणार. त्यासाठी तू फोनवर तीन वस्तू काढून ठेवायला सांगितल्यास: आजोबांचा पाग, म्हणजे ते फेकायचं जाळं, बाबांचा तंबू आणि माझी जुनी सॅक. तिन्ही काढल्या. मग बाबांचा तो हुकाचा काटा शोधला, विमानाच्या बॅगा तोलायला मागवलेला. आजीने जन्मभर मासळी वाट्यावर विकली, काट्याला कधी हात लावला नाही. आज तिच्यासमोर मी सुनेसारखी नाही, वाण्यासारखी बसले आणि एकेक वस्तू टांगून वजन घेतलं. ती नुसती बघून हसत होती.

पाग 4 किलो 200 ग्रॅम भरला. तोही कोरडा.

तुला त्याची हौस आहे, मला कळतं. लहानपणी तू जेटीवर उभा राहून बघायचास. आजोबा पागाची कड दातांत धरायचे, अर्धा घेर खांद्यावर घ्यायचे आणि कमरेतून अशी गिरकी मारायचे की पाग हवेतच थाळीसारखा गोल उघडायचा. पण बाबू, तो खाडीचा पाग आहे. खाली मऊ चिखल, वर बोयट माशांचा थवा, तिथे त्याचं काम. नदीत खाली धोंडे आणि कडेला उंबराच्या मुळ्या. पहिल्याच फेकीला अडकेल आणि तो सोडवायला तू पाण्यात उतरशील. घेराला ओवलेलं शिसंच निम्म्याहून जास्त वजनाचं आहे. तुला अजून तो नीट फेकता येत नाही, हे तर मी आजीसमोर बोललेसुद्धा नाही. पाग परत माळ्यावर ठेवलाय.

त्याऐवजी सॅकच्या बाजूच्या खिशात साबणाची डबी आहे. त्यात आठ नंबरचे सहा गळ बुचात टोचून ठेवलेत, शिशाचे पाच मणी आहेत आणि दोन छोटी बुचं. सोबत अर्ध्या लिटरची बाटली, तिच्यावर तीस मीटर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला. सगळं मिळून शंभर ग्रॅमसुद्धा नाही. माझे वडील मला चेंदणीहून कळव्याच्या पुलाकडे गरवायला न्यायचे ते असंच, फक्त बाटलीच्या जागी बांबूचा तुकडा असायचा. तेव्हा खाडीचं म्हावरं बिनधास्त खाता यायचं. पुढे त्याला रॉकेलसारखा वास यायला लागला आणि ते जाणंच थांबलं.

बाटली डाव्या हातात आडवी धरायची, बूड पाण्याकडे. उजव्या हाताने शिशाचं टोक दोनदा झुलवून सोडायचं. तंगूस बुडावरून आपोआप सुटत जातो. ओढताना बाटलीवर गुंडाळतच ओढायचं. पायाशी सोडलास तर अशा गाठी बसतील की रात्रभर सोडवत बसशील. गळांचे उलटे काटे मी पकडीने दाबून टाकलेत. त्यामुळे एखादा मासा निसटेल, निसटू दे. तुम्ही चौघं अंधारात हातवारे करणार आणि गळ कुणाच्या तरी बोटात जाणारच. उलटा काटा नसला तर तो आला तसा निघतो. आमिषाला कणकेत थोडी हळद मळून ने, चिलापीला तेवढं पुरतं. मरळ किंवा वाम हवी असेल तर गांडुळं लागतील, ती तुम्ही ज्यांच्या बांधावर राहणार त्या मामांच्या शेतात ओल्या जागी मिळतील.

तू नवीन रॉड घेतलायस, तोही ने, माझी ना नाही. दुमडला की हातभर होतो आणि रिळासकट अर्धा किलोही भरत नाही. पण चौघांत एकच रॉड. एकाने टाकायचा, बाकीच्यांनी सल्ले द्यायचे. मासेमारीतली निम्मी मजा तीच असते.

आता मूळ मुद्दा. तू म्हणालास, "आई, या वेळी एकदम लाइट जाणार, पाच किलोच्या वर नाही." हे ऐकून मला थोडी काळजी वाटली. ती का, ते सांगते. ही गोष्ट तुला मी आजवर सांगितलेली नाही.

1994 च्या जानेवारीत आम्ही कॉलेजचे नऊ जण माहुलीला गेलो होतो. आसनगावला उतरलो आणि गावापर्यंत चालत गेलो. माझ्या पाठीवर एवढीशी सॅक. मी सगळ्यांच्या पुढे, आणि वरून मागे वळून ओरडायची, "काय रे, घर उचलून आणलंत का?" कळव्याची मावशी सगळ्यांत मागे होती. ती तेव्हाही शांत, आत्ताही शांत. रात्री गडावर मी तिच्या ताटात जेवले, तिच्या बॅटरीच्या उजेडात झाडीत जाऊन आले, थंडी वाजली तेव्हा तिने दुसरा स्वेटर काढून दिला. मला वाटलं, किती प्रेमळ मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी उतरताना घसाऱ्यात तिचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला. मुलांनी तिला आधार दिला आणि तिची सॅक माझ्या पाठीवर आली. पट्टे खांद्यात असे रुतले की दहा पावलांत मला बसावं लागलं. उघडून बघितलं. पातेलं, दोन पाण्याच्या बाटल्या, दोन स्वेटर, दोन ताटल्या, जाड चादर. ती माझ्यासोबत आधी दोन ट्रेक करून आली होती, तिला माहीत होतं मी काय काय आणणार नाही. माझी सॅक हलकी नव्हती रे, तिचा निम्मा भाग दुसऱ्याच्या पाठीवर होता. त्या उतारावर तिच्याशी बोलायलाही मला लाज वाटत होती. तिने आजवर कधी त्याचा उल्लेख केलेला नाही, आणि म्हणूनच जास्त लागतं.

म्हणून पाच किलो म्हणालास तेव्हा मी विचारलं होतं, पाणी कोण घेणार? तू म्हणालास, "होईल ना अॅडजस्ट." नाही होत. पाणी ज्याचं त्यानं, दोन लिटर. म्हणजे दोन किलो तिथेच गेले आणि त्यात काटछाट करता येत नाही. बॅटरी ज्याची त्यानं, डोक्याला बांधायची. शिट्टी, ताटली, चमचा, अंगावरचं गरम, अंथरूण-पांघरूण, स्वतःची औषधं हेही ज्याचं त्यानं. पातेलं एक, सुरी एक, तंबू एक, ताडपत्री एक, औषधाची पिशवी एक, रॉड एक. हे चौघांत वाटून घ्या, आणि वाटणी ठाण्याच्या फलाटावर करा, वासिंदला उतरून नव्हे. तंबू 3 किलो 100 ग्रॅम आहे. काठ्या एकाकडे, कापड दुसऱ्याकडे. पूर्ण तंबू एकाच्या गळ्यात मारू नका. तुम्हांपैकी जो कुणी कधीच नाही म्हणत नाही, त्याची सॅक तू स्वतः उचलून बघ.

तुझी सॅक मी भरून ठेवलीये, पाण्यासकट 7 किलो 800. माणसाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाठीवर घेऊ नये असं आम्ही धरत असू. तू 68 किलोचा, म्हणजे बरीच मोकळी जागा आहे. पण ती भरायची नाही. रविवारी माहुली चढायचीये. तळाला पांघरूण आहे, मध्ये पाठीला चिकटून तांदूळ आणि पातेलं, वर हलकं. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे खेचते आणि खांदे भरून येतात. कमरेचा पट्टा आधी आवळ आणि मग खांद्याचे, वजन कमरेवर बसलं पाहिजे. आत काळी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी लावलीये, ती काढू नकोस. नदीकाठी जानेवारीत इतकं दंव पडतं की सकाळी सॅक पिळून काढावी लागते.

जीन्स मी बाहेर काढली. 700 ग्रॅमची आहे आणि ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. आजीने तिची गोधडी देऊ केली होती, तीही नाही म्हणाले. ते मात्र जड गेलं. मोज्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत बांधलाय, तो फक्त झोपताना घालायचा. दिवसा पाय ओले झाले म्हणून त्याला हात लावलास तर रात्री माझी आठवण येईल.

शिधा. मासा मिळेल असं धरून तांदूळ कमी करू नका. वजन वाचवायची सगळ्यांत वाईट जागा ती. चौघांना एका वेळचे अर्धा किलो तांदूळ, मसाला घातलेलं सुकं खोबरं, लसूण, चिंच आणि सुकटीची पुडी ठेवलीये. मासा मिळाला तर कालवण, नाही मिळाला तर सुकट. तांदळाच्या भाकऱ्या आजीने सकाळी केल्या, फ्रिजमध्ये आहेत, नेताना विसरू नकोस. मासे ठेवायला बर्फाची पेटी वगैरे काही नाही. लागला की साफ करायचा, मीठ-हळद लावायची आणि त्याच रात्री खायचा. साफ केलेली घाण झोपायच्या जागेपासून लांब पुरा, नाहीतर रात्री कुत्री आणि पहाटे मुंग्या.

नदीबद्दल. भातसा धरणातून सोडलेलं पाणी याच पात्रातून खाली पिसे गावच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून मुंबईला. त्यामुळे भर उन्हाळ्यातही नदी वाहती असते आणि पाणी कमी-जास्त होतं. वाळूवर झोपायला छान वाटतं, पण तंबू वर मामांच्या बांधावर लावा. पोहायचं नाही. दरवर्षी त्या नदीतून आणलेली मुलं आमच्या खात्यातले लोक बघतात, यापेक्षा जास्त मी लिहीत नाही. आणि धरणाच्या बाजूला गळ घेऊन जाऊ नका. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका संस्थांकडे असतो. माहुलीचं जंगल तानसा अभयारण्यात, तिथल्या ओढ्यात तर गळ बाहेरसुद्धा काढायचा नाही.

औषधाची पिशवी 120 ग्रॅमची आहे. क्रेप बँडेज, ओआरएस, पॅरासिटामॉल, अॅलर्जीची गोळी, पट्ट्या. बाकी सगळं मी काढून टाकलं, नर्स असून. शिंगटी माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, अर्धा-पाऊण तास. कळ ओसरते. पाणी किती गरम आहे ते मात्र दुसऱ्या हाताने बघायचं, लागलेला हात बधिर असतो आणि भाजून घेतो. गळ डोळ्याजवळ लागला तर काढायचा नाही, तंगूस कापायचा आणि सरळ दवाखाना. साप चावला, फुरसं असो की आणखी काही, तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय काठीला बांधून हलू द्यायचा नाही, 108 लावायचा आणि शहापूरचं सरकारी रुग्णालय गाठायचं. साप शोधत बसू नका. यातलं काही होणार नाही, पण तू हा परिच्छेद बाकी तिघांना गाडीत वाचून दाखव. चेष्टा करतील, करू देत.

आजी म्हणतेय लिही, की पाग शिकायचा असेल तर पाऊस संपल्यावर भरतीच्या वेळी जेटीवर ये, ती स्वतः उभी राहून शिकवेल. आजोबांना तिनेच शिकवलं असाही तिचा दावा आहे, आणि आता तो खोडून काढायला कुणी नाही.

रविवारी रात्री मी घरी आहे. येताना डबीतले उरलेले गळ मोजून आण, सहा दिलेत. मासा नाही मिळाला तर बेलापूरच्या बाजारातून चिलापी घेऊन ती नदीची म्हणून माझ्यासमोर ठेवू नकोस. बाजारातलीचं पोट विकणारी साफ करून देते, आणि तुला ते करता येत नाही हे मला ठाऊक आहे.

तुझी,
आई