आवृत्तीबरोबर तिची अवस्थाही छापावी

संपादक महाशय,

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या बातम्या नियमाने येऊ लागल्या आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र ‘नवी आवृत्ती आली’ एवढ्यावरच बातमी थांबते आणि ती अल्फा (अगदी सुरुवातीची चाचणी आवृत्ती) आहे, बीटा (त्यापुढच्या टप्प्यावरची चाचणी आवृत्ती) आहे, रिलीज कँडिडेट (आरसी, म्हणजे अंतिम होण्याच्या बेतातली) आहे की सर्वांसाठी खुली केलेली स्थिर आवृत्ती आहे, हे बहुधा सांगितले जात नाही. शाळेतल्या किंवा छोट्या कार्यालयातल्या संगणकांची देखभाल करणाऱ्याला नेमके हेच आधी कळायला हवे असते.

नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, पूर्वी दुसरा आकडा सम असला की आवृत्ती स्थिर (२.४) आणि विषम असला की विकासाधीन (२.५), असा संकेत होता. २.६ च्या काळात तो मागे पडला. आज तेथे अंतिम आवृत्तीपूर्वी आरसी-१, आरसी-२ अशा क्रमाने साधारण दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती निघते. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपनेही सम-विषम संकेत बरीच वर्षे पाळला आणि मार्च २०२१ मध्ये ३.३८ वरून थेट ४० वर येताना तो सोडला. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ४.० आवृत्तीचा अनुभव तर फार बोलका आहे. ही आवृत्ती मुख्यतः विकसक आणि हौशी वापरकर्त्यांसाठी असल्याचे तिच्या कर्त्यांचे म्हणणे होते, परंतु नावात तसा कोणताही इशारा नसल्यामुळे अनेकांनी ती रोजच्या कामासाठी घेतली आणि नाराजी ओढवली.

याउलट, ‘अस्थिर’ म्हणजे टाकाऊ, असाही समज नसावा. डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीच्या ‘अनस्टेबल’ शाखेत सॉफ्टवेअर सतत बदलत राहते, म्हणून तिला ते नाव आहे. तेथे सहसा २ ते १० दिवस राहून गंभीर दोष आढळला नाही, तरच एखादे पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) पुढच्या ‘टेस्टिंग’ शाखेत जाते. मार्च २०२४ मध्ये फायलींचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर घातलेली चोरवाट उघडकीस आली, ती आंद्रेस फ्रॉइंड या विकसकाला याच अनस्टेबल शाखेवरील यंत्रात दूरस्थ लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय उशीर जाणवला म्हणून. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती चोरवाट पोहोचलीच नाही.

मराठी भाषकांना तर चाचणी आवृत्त्यांकडे पाठ फिरवून चालणारच नाही. फायरफॉक्सचे मराठी अनुवाद आधी नाइटलीत, म्हणजे रोज नव्याने तयार होणाऱ्या चाचणी आवृत्तीत, तपासता येतात. एखादे वाक्य बटणात मावत नसेल, तर ते तेथेच लक्षात येते. ‘दऱ्या’मधला अर्धा र नीट उमटतो की त्याचा ‘दर्या’ होतो, हे मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांनाच चटकन खटकेल, आणि बीटाच्या टप्प्यावर कळवलेला असा दोष अंतिम आवृत्तीपूर्वी दुरुस्त होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. अर्थात, हे काम महत्त्वाच्या फायली नसलेल्या वेगळ्या यंत्रावरच करावे. दहावीच्या निकालाची पत्रके ज्या संगणकावर तयार होतात, त्यावर ते कदापि करू नये.

म्हणून विनंती अशी की, अशा प्रत्येक बातमीत आवृत्तीच्या क्रमांकालगत तिची अवस्था आणि ती कोणासाठी काढली आहे, हे एका वाक्यात द्यावे. त्यासाठी नवे मराठी प्रतिशब्द घडण्याची वाट पाहू नये. प्रकल्पाने वापरलेले बीटा, आरसी, नाइटली हेच शब्द देवनागरीत छापावेत, म्हणजे वाचकाला उतरवून घेण्याच्या पानावर तेच नाव शोधता येईल. स्थिर आवृत्ती अजून यायची असेल, तर प्रकल्पाने जाहीर केलेली तिची अपेक्षित तारीखही सोबत द्यावी.

आपला,
एक वाचक, सातारा