पॅन्टनची खुर्ची आणि तुझं नवं घर

बासेल,
14 नोव्हेंबर

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बाणेरच्या नव्या घरात माधवीवहिनींनी पांढरी पॅन्टन खुर्ची आणली आणि काकू तिच्यावर बसायलाच तयार नाहीत, हे वाचलं. "हिला मागे पायच नाहीत, पडेन मी," असं त्या म्हणाल्या ना? त्यांची भीती अगदी रास्त आहे. तिचा डिझाइनर व्हर्नर पॅन्टन ही खुर्ची करून द्या म्हणून कारखान्यांची दारं झिजवत होता, तेव्हा तिथली मोठमोठी माणसंही कचरली होती.

परवाच्या रविवारी मी मुद्दाम तिला बघायला गेलो. इथून 8 नंबरची ट्राम सरळ सीमा ओलांडून जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते. तिथे विट्रा या फर्निचर कंपनीच्या आवारात विटांची एक बिनखिडक्यांची इमारत आहे, आत चारेकशे खुर्च्या मांडलेल्या. मी मात्र एकीपाशीच रेंगाळलो. बाजूने पाहिली की ती थेट आपल्या अवग्रहासारखी दिसते रे, 'सोऽहम्'मधल्या. पाठ, बैठक, पाय असं वेगळं काही नाहीच, एकच ओघ वरून खाली आलाय.

हा पॅन्टन डेन्मार्कचा, जन्म 1926 चा. एका साच्यातून एका दमात निघणारी, मागचे पाय नसलेली खुर्ची त्याच्या डोक्यात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून होती. विट्राच्या विली फेलबाउम यांनी ती करायचं मनावर घेतलं, आणि पहिला लॉट निघाला 1967 मध्ये, फायबरग्लासचा. मग कडक पॉलियुरेथेन फोम आला, पण त्यात प्रत्येक खुर्चीला लांबी (पुट्टी) भरा, घासा, रंगवा, सगळं हातानं. 1971 मध्ये मात्र आपलं काम सुरू झालं बघ: इंजेक्शन मोल्डिंग! प्लॅस्टिकचा दाणा मशीनमध्ये टाकायचा, रंगासकट खुर्ची बाहेर. बैठक जिथे खाली वळते तिथे खालून आधाराच्या पट्ट्या, म्हणजे रिब, दिल्या होत्या. त्या पाहून मला भोसरी आठवली.

आपल्या पहिल्या नोकरीतली ती स्टुलांची ऑर्डर आठवते? साच्यातून निघताना कशी चकचकीत होती, आणि पाच-सहा महिन्यांत पायाच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. तू रात्रभर बसून साच्याची गोलाई वाढवली होतीस. इथेही तेच झालं. बसणाऱ्याचं सगळं वजन त्या एका वळणावर येतं, दर बसण्याला ते किंचित लवतं, आणि ते प्लॅस्टिक वर्षांगणिक थकत गेलं. खुर्च्या मोडू लागल्या. 1979 मध्ये उत्पादन थांबवावं लागलं.

1983 पासून ती पुन्हा फोममध्ये निघू लागली. पण पॅन्टनला हवी होती तशी, स्वस्त आणि साच्यातूनच पूर्ण होणारी खुर्ची 1999 मध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची आली. तोवर तो गेला होता, 1998 च्या सप्टेंबरमध्ये. तिथे उभा असताना हे आठवलं आणि माझ्या पोटात तुटलं रे. चाळीसेक वर्षं एका वळणामागे लागायचं, आणि शेवटचा तुकडा बाजारात आलेला बघायला आपण नसायचं.

म्हणून तुला कळकळीनं सांगतो, ती जेवणाच्या टेबलाखाली सरकवू नकोस. तिथे फक्त पाठीचा वरचा काठ दिसेल. भिंतीलाही टेकवू नकोस. 50 सेंटिमीटर रुंद, 61 सेंटिमीटर खोल, एवढीशीच तर आहे. पण तिच्या भोवती हातभर जागा मोकळी सोड आणि घरात शिरताना ती बाजूनंच दिसेल अशी ठेव. काकूंच्या माहेरची सागवानी पेटी अजून आहे ना? तिच्याशेजारी ठेवून बघ. जुनं, काळपट, चौकोनी लाकूड आणि ही एकसंध पांढरी वळणं, दोन्ही एकमेकांना खुलवतील. वहिनींना आणखी पाच घ्यायच्या आहेत म्हणतोस. मी असतो तर घेतल्या नसत्या. घ्यायचीच तर एक लाल घ्या, गॅलरीलगतच्या शहाबादी फरशीवर ती फार उठून दिसेल. मात्र रोजच्या कडक उन्हात नको, रंग उडतो.

पांढरीवर हळद सांडली तर लगेच साबणाच्या पाण्यानं पुसा. तरी पिवळं राहिलंच, तर एक दुपार उन्हात ठेवा. हळदीचा डाग उन्हानं फिका पडतो. घासणी अजिबात लावू नका, तिचा मऊ मॅट पोत बिघडेल.

आणि काकूंना सांग, हिला मागे पाय नसले तरी खालचा घेर बैठकीखालून मागे पसरलेला आहे, म्हणून वजन घेराच्या आतच पडतं. आधी तू बसून दाखव, मग त्यांचा हात धरून बसव. थोडी लवेल, ते तिचं लवणं त्यांना आवडेल असं मला वाटतं.

जानेवारीत येतोय. तोवर तिचा फोटो पाठव, बाजूनं काढलेला. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
दिलीप