काचेतली इलोना आणि आपल्या सभागृहाच्या भिंती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ तोंडावर आलाय, नाशिकभर रंगरंगोटी चाललीय. त्यात सभागृहांची पाळी आली तर काय करता येईल, यासाठी हे पत्र.

मी सुतार. चाळीस वर्षं हत्यार चालवलं, त्यातली निम्मी हौशी नाटकांच्या नेपथ्यात गेली. आज वाड्याचा दिवाणखाना, उद्या त्याच फ्लॅटांचा (म्हणजे नेपथ्याच्या कापड ताणलेल्या चौकटींचा) चाळीतला जिना. त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरलो की लोक झुंबर बघतात आणि मी चौकटीचा सांधा बघतो. सवयच आहे, बायको वैतागते.

मुलगी रोमानियात क्लुजला नोकरी करते. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा जावयाने तर्गू मुरेशचा सांस्कृतिक प्रासाद दाखवला. तो बांधला तेव्हा हे शहर हंगेरीच्या राज्यात होतं. महापौर बेर्नाडी यांनी मनावर घेतलं आणि 1911 ते 1913 या काळात कोमोर आणि याकाब या दोन वास्तुरचनाकारांनी तो उभारला. शेजारचं नगरभवनही त्यांचंच. एका छपराखाली संगीत सभागृह, ग्रंथालय, संग्रहालय. ऑर्गनला चार हजारांवर नळ्या आहेत म्हणे. मोजायला कोण जातंय! छपरावर झोल्नाय कारखान्याची रंगीत कौलं, लांबून गोधडी पसरल्यासारखी दिसतात. त्या काळी युरोपात आर्ट नूव्होची लाट होती, म्हणजे वेली, वळणं, फुलं. या दोघांनी ती वेलबुट्टी पॅरिसहून उचलली नाही, तिथल्याच बायकांच्या भरतकामातून आणि खेड्यातल्या कोरीव लाकडी दरवाजांतून घेतली. मला आवडलं ते हे.

पण पाय अडकला तो आरसेमहालात. लांबलचक दालन, टोकांना मोठाले आरसे आणि एका बाजूला रंगीत काचांच्या खिडक्या. चित्रं नॉज शांडोर आणि तोरोत्स्काय विगांड यांची, काचकाम बुडापेस्टच्या मिक्शा रोत यांच्या कारखान्यातलं. काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीत असे बसवलेत की पट्टी म्हणजे चित्राचीच रेघ वाटते. पदर, केस, झाडाची फांदी, सगळं त्या पट्टीनेच काढलंय. दुपारचं ऊन आत आलं तेव्हा हिच्या पांढऱ्या स्वेटरवर निळा-हिरवा डाग पडला, आणि ती तो झटकायला लागली.

या खिडक्यांत तिथल्या लोकगीतांतल्या गोष्टी आहेत. एक बुडाई इलोनाची. शत्रू आला म्हणून ती दागिन्यांची पेटी काखेत मारून दोन लेकरांसह पळते. ओझं सोसवेना तेव्हा पेटी जवळच ठेवते आणि लेकरं टाकून देते. पुढे एक जनावर आपल्या वासराला सोडत नाही हे बघून तिला लाज वाटते, ती मागे फिरते. पण आता तिच्या हाकेला मुलं येत नाहीत. जावई मोबाइलवरून वाचून दाखवत होता. ही मध्येच म्हणाली, "म्हणजे ही उलटी हिरकणी." आमची हिरकणी लेकरासाठी रायगडाचा कडा उतरली, त्यांची इलोना पेटीसाठी लेकरं सोडून गेली. मी काही बोललो नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं: आमची हिरकणी कुठल्या सभागृहाच्या खिडकीत आहे?

नाशिकला परत आलो आणि दोन आठवड्यांत एका सभागृहात (नाव घेत नाही) नाटकाला गेलो. भिंतीवर वारली चित्राचं छापील व्हिनाईल चिकटवलंय. ओलीमुळे कोपरा सुटलाय, तारप्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं अर्धी लोंबकळतायत. वारली रंगवणारे हात याच जिल्ह्यात, तासा-दोन तासांवर आहेत. तरी छापील!

मोठा राजवाडा बांधा असं मी म्हणत नाही, पैशाचं मला कळत नाही. एवढंच म्हणतो की जी भिंत करायचीच आहे, ती आपल्या हातांनी करा. तांबट आळीत आजही तांब्यावर मठार (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) घालणारे लोक आहेत. त्यांच्याकडून दाराचा पत्रा ठोकून घ्या. येवल्याच्या पैठणीतला मोर फरशीत उतरवा. बोहाड्याचे (आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवाचे) मुखवटे करणाऱ्यांना विंगेच्या वरची पट्टी द्या.

आणि खिडक्यांत कोणाच्या गोष्टी घालायच्या ते आधी ठरवा. मुरेशच्या त्या खिडक्यांत गोष्टी हंगेरियनांच्याच, आणि त्याच गावात रोमानियनही राहतात. राज्य बदललं तरी काचा मात्र तशाच जपल्यात. पण एकाच समाजाच्या गोष्टी घालायची चूक आपण करू नये. रहाडीत (रंगाच्या हौदात) उड्या मारणारी रंगपंचमी हवी, धुळवडीचे वीर हवेत, तशीच 2 मार्च 1930 च्या मंदिरप्रवेश सत्याग्रहातली काळाराम मंदिराच्या दारातली रांगही हवी. विजयानंद थिएटरमध्ये 1909 साली नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर झाडलेली गोळीही, कारण नाटकवाल्यांच्या शहरात ती गोष्ट थिएटरमध्येच सांगायला हवी.

त्या सभागृहाच्या पूर्वेकडच्या तीन खिडक्यांना सध्या काळी फिल्म लावलेली आहे. मध्यंतरात मी टेपने मापं घेतली: प्रत्येकी सव्वातीन फूट रुंद, सहा फूट उंच. चौकटी सागवानी आहेत, अजून चांगल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त सुतार, पंचवटी, नाशिक