क्लास लावत नाहीये, आणि आईच्या डोळ्याचं आता लांबवू नका

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की एफडी मोडतो, तू तो वेबसाइट बनवायला शिकवणारा फुल स्टॅकचा क्लास लाव, आणि मी नुसतं "बघू" म्हणाले. बोलत राहिले असते तर रडायला आलं असतं, म्हणून लिहितेय. मी क्लास लावणार नाहीये. काकांनाही तसं कळवलंय, म्हणजे तुम्हाला त्यांच्याशी बोलताना अवघडल्यासारखं नको. राग मानू नका बाबा. तुम्ही एवढा विचार केलात यातच मला सगळं मिळालं.

आता कारण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी पैशांकडे बघून मन मारतेय. तसं अजिबात नाही. मला शिकायला जे लागतं ते सगळं फुकट आहे, आणि फुकट म्हटलं की तुमच्या कपाळावर आठी येणार हे माहितीये, म्हणून नीट सांगते. वेब जिथे तयार झालं त्या सर्न संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला जाहीरच करून टाकलं की हे कोणीही वापरा, पैसे द्यायचे नाहीत. तेव्हापासून या क्षेत्रात आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवायची रीतच पडलीये, त्यात फसवाफसवी काही नाही आणि माझ्या कार्डाचा नंबरही कुठे दिलेला नाही.

माझं रोजचं पुस्तक म्हणजे एमडीएन ही वेबसाइट. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २००५ ला सुरू केलेलं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, म्हणजे वेब पानं ज्यात लिहितात त्या भाषा, यातली कुठलीही गोष्ट काढा, उदाहरणासकट समजावलेली असते आणि खाली कोणत्या ब्राउझरमध्ये चालते त्याचा तक्ता. सर्च केलं की आधी बऱ्याचदा डब्ल्यूथ्रीस्कूल्स दिसतं, पटकन आठवून घ्यायला तेही ठीक आहे, पण असं का होतं हे समजून घ्यायचं असेल तर मी एमडीएनवरच जाते. पहिल्यापासून क्रमाने शिकायचं असेल तर फ्रीकोडकॅम्प, २०१४ पासून देणग्यांवर चालणारी संस्था आहे, तिथे ब्राउझरमध्येच कोड लिहायचा, तो तिथल्या तिथे तपासला जातो आणि सर्टिफिकेटलाही पैसे नाहीत. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटरचा कोर्स तर घरबसल्या बघायला मिळतो बाबा, डेव्हिड मॅलन सर इतकं जीव तोडून शिकवतात की रात्री जेवणाचं ताट घेऊन मी तेच लावते (जेवते वेळेवर, आई). आणि ताईच्या पिंटूला सुट्टीत फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी हा खेळ दाखवणारे, त्यात कोड लिहून बेडकांना कमळाच्या पानांवर बसवायचं, २४ लेव्हल्स आहेत, खेळता खेळता लेआउट, म्हणजे पानावरची मांडणी, कळायला लागतो.

कोड लिहायला व्हीएस कोड नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. आणि कोडमधले बदल जपून ठेवणारं गिट. बाबा, गिट तुम्हाला फार आवडेल. तुमच्या खतावणीत कसं, चुकलेली नोंद खोडायची नाही, खाली नवी नोंद करून दुरुस्त करायची, अगदी तसंच, प्रत्येक बदल तारखेसकट राहतो आणि कधीही मागे जाऊन बघता येतो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ ला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामासाठी लिहिलं ते. मी ते वापरायला लागल्यापासून काही मोडेल ही भीतीच गेलीये, मनाला येईल ते करून बघते.

आयटीत का जात नाही हेही एकदा सांगून टाकते. बँकेतलं काम मला आवडतं, साडेसहाला घरी येते, आणि मग तो दीड-दोन तास माझा असतो, कुणाची डेडलाइन नाही. त्याचीच नोकरी केली तर तो तास राहणार नाही. मला तो हवाय. तुम्ही समजून घ्याल, तुम्हीही पेटी शिकवायच्या शिकवण्या कधी घेतल्या नाहीत.

आता आईसाठी. आई, मी तुझ्यासाठी फोनवर उघडायचं एक वेब पान बनवलंय. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ड्रॉप्स किती घोळ घालतात ते नानांच्या वेळी बघितलंय ना आपण. या पानावर कोणता ड्रॉप, कोणत्या डोळ्यात, किती वाजता, एवढंच दिसतं आणि टाकला की "झालं" दाबायचं. दोन वेगळ्या ड्रॉप्सच्या मध्ये निदान ५ मिनिटं जायला हवीत, तेही पानच मोजतं. अक्षर आणि मागचा रंग यात कमीत कमी ४.५ ला १ एवढा उजळपणाचा फरक असावा असा वेब पानांसाठी नियम आहे, मी ७ च्या वर ठेवलाय, आणि पांढऱ्याऐवजी फिकट पिवळट रंग घेतलाय कारण तुला पांढरं चमकतं. फॉन्ट "मुक्त" नावाचा, मुंबईच्या "एक टाइप"वाल्यांनी बनवलेला, तोही फुकट. ओळींमध्ये जागा जास्त सोडलीये, नाहीतर आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात, इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर मराठीला पुरत नाही. आकडे मराठीतच दिसतात, ब्राउझरला "एमआर-आयएन" (म्हणजे मराठी, भारत) एवढं सांगितलं की तो स्वतःच तारीख मराठीत लिहितो, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

मागच्या खोलीत रेंज नसली तरी चालेल, एकदा उघडलं की पान फोनमध्ये साठून राहतं. तुझी माहिती दुसरीकडे कुठेही जात नाही, फोनमध्येच राहते. फक्त पान बंद असलं की ते वाजेलच याची खात्री देता येत नाही, म्हणून गजर फोनच्या घड्याळातलाच लावायचा. तो मी येऊन लावते.

आई, सुईत दोरा ओवायला तू मला हाक मारायचीस तेव्हा मला वाटायचं मी किती मोठी झालेय. तुला दिसत नाही म्हणून बोलावतेस हे कळायला बरीच वर्षं गेली. आता "अजून चालतंय की" म्हणून पुढे ढकलू नकोस ना गं.

तर बाबा, एफडी आईच्या डोळ्यासाठी ठेवा. इन्शुरन्समधून जेवढं मिळेल तेवढं मिळेल, लेन्स मात्र डॉक्टर सांगतील तीच घ्या, स्वस्तातली बघत बसू नका. मिरजेला रिक्षानेच जा, स्कूटर काढायची नाही. आईच्या शुगरचा रिपोर्ट आधी करून घ्या, शुगर वाढलेली असली तर तारीख पुढे जाते. मी रजा टाकलीये, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पोचते. आई, त्या दिवसांत गॅसजवळ जायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, पोळ्यांना मावशींना मी सांगितलंय, भाजी बाबा करतील, त्यांना पिठलं छान येतं.

आणि बाबा, फोनमधलं क्रोम अपडेट करून ठेवा. कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते सांगणाऱ्या कॅन आय यूज या साइटवर मी बघितलंय, तुमच्या फोनवर सगळं चालेल, पण जुनं व्हर्जन नको. लिंक व्हॉट्सॅपवर पाठवतेय, उघडून अक्षरं मोठी हवीत की पुरे ते आईला विचारा आणि उद्या सकाळी मला कळवा, लगेच बदलून देते.

तुमची,
मनू