‘घरबसल्या अपडेट’ सांगताना इंजिन चालू ठेवायलाही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर घरीच अपडेट कसं करायचं, हा मंगळवारच्या अंकातला लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा, अर्ध्या तासात काम होतं, असं तुमच्या लेखकांनी लिहिलंय. दिवाळीनंतर मी नेमकं हेच केलं होतं.

आमच्या गावात नेटवर्क येतं ते गच्चीवर. दोन रात्री मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला, तेव्हा कुठे फाइल उतरली. पेनड्राइव्हवर फाइल साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. माझा ६४ जीबीचा, म्हणजे एक्सफॅट पद्धतीचा, आणि आमची गाडी वाचते फक्त फॅट३२. पुतण्याला हे कळेपर्यंत आणखी एक दिवस गेला. मग अंगणात गाडी उभी करून नुसती किल्ली फिरवली. उभ्या गाडीत डिझेल कशाला जाळायचं म्हणून इंजिन सुरू केलं नाही. ६३ टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली. बॅटरी चार वर्षांची, ती बसली. तेव्हापासून कंपनीचं चिन्ह उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. पुढे काही नाही.

अशा अपडेटमध्ये बहुधा जुनं पुसून नवं लिहिलं जातं. मधेच वीज तुटली तर जुनंही राहत नाही आणि नवंही पुरं होत नाही. म्हणून काम संपेपर्यंत इंजिन चालू हवं, आणि धूर कोंडू नये म्हणून गाडी उघड्यावर हवी, बंद शेडमध्ये नाही. एवढं एक वाक्य तुमच्या लेखात असायला हवं होतं. गाडीच्या स्क्रीनवर सूचना आली होती, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. महाराष्ट्रात गाड्या विकणाऱ्यांनी निदान धोक्याची सूचना तरी मराठीत द्यावी.

जिल्ह्याच्या शोरूममधला पोरगा म्हणाला, “काका, हे इथं नाही होत, नागपूरले न्या लागते.” नागपूरला नेली. वॉरंटी संपलेली, स्क्रीनचं अख्खं युनिटच बदलावं लागेल, ३८ हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये धरला तरी सात क्विंटलांवर माल झाला, आणि त्या भावात माल घेतो कोण?

पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. गाडी मागे घेताना अडथळा आला की आवाज करणारे मागचे सेन्सर नव्या गाड्यांत १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. आमच्या गाडीत त्यांचा आवाज त्याच युनिटमधून येतो, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तेही मुके झाले. परवा गाडी मागे घेत होतो आणि सूनबाई ओरडली. उतरून पाहिलं तर दोन वर्षांची नात मागच्या चाकापासून हातभर अंतरावर बसून वाटीत माती भरत होती. तेव्हापासून कोणी मागे उभं राहिल्याशिवाय मी रिव्हर्स टाकत नाही.

कंपन्यांनी तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस माणूस बसवावा आणि हे काम त्याच्याकडून करून द्यावं. तोवर तुमच्या लेखकांनी, ज्याच्या घराजवळ सर्व्हिस सेंटर नाही त्याने हे करू नये, असं ठळक अक्षरांत छापावं.

सोयाबीनचं निघालंच आहे तर सांगतो. यवतमाळ आणि वणी बाजार समितीचे भाव तुम्ही पूर्वी रोज छापत होता. ते बंद का केले? गच्चीवर चढून मोबाइलमध्ये भाव पाहणं सगळ्यांना जमत नाही. ते कृपया पुन्हा सुरू करा.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ